दारू घरपोच, औषध ठाण्याला

मी दारू पीत होते. हे वाक्य आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढे कुणाला शोधत बसायला नको. शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे, कल्याणपलीकडे मोहन्याला राहते, घरी नवरा, मुलगी आणि सासूबाई. दर रविवारी बुद्धविहारात माईकवर वंदना मी घ्यायचे, कारण महिला मंडळात माझा आवाज खणखणीत. पंचशीलातलं पाचवं शील मद्यापासून दूर राहण्याचं. तेही मीच म्हणायचे आणि माझ्यामागून सगळा विहार म्हणायचा. हसायचं असेल तर हसून घ्या.

का प्यायला लागले ते मी सांगणार नाही. लोकांना तेवढंच ऐकायचं असतं. कारण कळलं की त्यांचं समाधान होतं आणि ते चहा पिऊन घरी जातात. मला लिहायचंय ते सोडण्याबद्दल, कारण सोडायची इच्छा होती तेव्हाही मला सोडता येईना आणि त्यात माझ्या मनाच्या दुबळेपणाचा भाग लोक समजतात तेवढा नव्हता.

आमच्याकडे दारू फोन केला की येते. काळ्या पिशवीत, बिनबोभाट. बाईमाणसाला दुकानाची पायरी चढावी लागत नाही. मोहन्यात दूध उशिरा येतं, पाणी उशिरा येतं, ही कधी उशिरा आली नाही. आणि तिच्यातून सुटायचं औषध? ते ठाण्याला.

पौर्णिमा

सासूबाईंना बाटली सापडली ती पिंपामागे. त्या ओरडल्या नाहीत. मिलिंद, माझा नवरा, कामावरून आल्यावर त्यांनी त्याच्यासमोर बाटली ठेवली आणि आत निघून गेल्या. तो माझ्याशी बोलेनासा झाला. मग पौर्णिमा आली. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, पांढरी साडी नेसली, बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्त्या लावल्या आणि मला समोर बसवलं.

"बोल. बाबासाहेबांसमोर बोल. थेंबाला शिवणार नाही म्हण."

"नाही शिवणार."

"आजपासून."

"आजपासून, आई."

आमच्या घरात बाबासाहेबांसमोर दिलेला शब्द फिरवत नाहीत. माझ्या सासऱ्यांनी रेयॉन कंपनीत असताना असाच शब्द देऊन विडी सोडली आणि मरेपर्यंत हातात धरली नाही. आईंना वाटलं, विडी सुटते तशी दारू सुटेल. मलाही वाटलं. खरं सांगते, त्या संध्याकाळी मला फार हलकं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले. घामाने ब्लाउज भिजला, भिंतीवर मुंग्यांची रांग दिसायला लागली. मी म्हटलं, शब्द दिलाय, दातओठ आवळून काढू. त्याच्या पुढच्या सकाळी चहा गाळताना मी गाळणीसकट खाली पडले. पुढचं मला आठवत नाही. प्रेरणाला, माझ्या मुलीला, सगळं आठवतं. ती बारावीला होती. माझ्या तोंडाला फेस आला होता, आणि आई मला कांदा हुंगवत होत्या.

ज्यांच्या घरात कुणी रोज पितं, त्यांनी एवढं तरी लक्षात ठेवा. रोज पिणाऱ्याने एका झटक्यात थांबणं जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांच्या नजरेखाली, गोळ्यांच्या आधाराने हळूहळू उतरावं लागतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आईंनाही नाही. मोहन्यात सर्दीतापाचे डॉक्टर आहेत, दातांचे आहेत, केस गळतीचेसुद्धा आहेत. ह्याचा एकही नाही.

पडद्यापलीकडे

कल्याणच्या एका खाजगी हॉस्पिटलात मला शुद्ध आली. डॉक्टरांनी मिलिंदला पडद्यापलीकडे नेलं. पडदा म्हणजे काय भिंत असते?

"मिसेस ड्रिंक करतात का?"

"छे. म्हणजे... कधीतरी. लग्नकार्यात वगैरे."

"रोज," मी आतून म्हणाले. "रोज पिते. परवापासून बंद केली."

माझ्या आजाराचं निदान मीच केलं, असं म्हणायला हरकत नाही. डॉक्टर पडदा सारून आत आले, माझ्याकडे बघितलं आणि परत मिलिंदशीच बोलायला लागले. "अशी बंद करतात का? जीव गेला असता. आम्ही दोन-चार दिवस ठेवू, पण पुढचं आमच्याकडे नाही. ह्यांना ठाण्याला न्या."

"पुढचं म्हणजे?"

"हेच. हे सगळं."

त्यांनी 'व्यसन' हा शब्द शेवटपर्यंत उच्चारला नाही. जणू तो उच्चारला तर त्यांच्या हॉस्पिटलच्या फरशीला डाग पडला असता. आजूबाजूच्या खाटांवर डेंग्यू होता, पित्ताशयाचे खडे होते, सगळ्यांचे नातेवाईक शहाळी घेऊन येत होते. माझ्या भेटीला कुणाला येऊ दिलं नाही. घरून सांगितलं होतं, फिट आली म्हणून.

ठाण्यातल्या व्यसनमुक्ती संस्थेत पोचलो तेव्हा काउंटरवरच्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "पेशंट कुठाय?"

"मीच."

आता मान वर झाली. "लेडीज? लेडीज बेड नाही आपल्याकडे. जेन्ट्स वॉर्डला आहे."

"मग बायकांनी काय करायचं?"

"नवी मुंबईला बघा. नाहीतर पुणे. किंवा मग ओपीडी करा, पण यायला लागेल नियमित."

बायका पीत नाहीत, असं कुणीतरी कधीतरी ठरवलं आणि त्या हिशेबाने खाटा टाकल्या. कल्याणवाले म्हणतात ठाण्याला जा, ठाणेवाले म्हणतात पुण्याला जा. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना. मिलिंद रडकुंडीला आला होता आणि मला त्याचाही राग येत होता, कारण रडायचं तर मी रडायला हवं होतं.

ओपीडीतल्या डॉक्टर मॅडम मात्र चांगल्या भेटल्या. त्या माझ्याशी बोलल्या, माझ्याकडे बघून. एवढ्या एका गोष्टीने मी त्यांची आयुष्यभर ऋणी राहीन. म्हणाल्या, "ह्यात शरमेसारखं काही नाही, आजार आहे. पण सुरुवातीला एक दिवसाआड मला तुम्हाला बघावं लागेल. कुठून येता?"

"मोहन्याहून."

"मोहने कुठे आलं?"

"आंबिवलीजवळ. कल्याणच्या पुढे."

"अरे बापरे. लांब आहे हो."

"हो," मी म्हटलं, "आम्हाला माहितेय."

माजिवड्याचा थायरॉईड

माझी नणंद, सुनंदाताई, ठाण्यातच माजिवड्याला राहते. मोठी सोसायटी, खाली गार्डन, लिफ्टमध्ये आरसा. ती म्हणाली, "वहिनी, सरळ माझ्याकडे राहायला या. रोजची ये-जा करून मराल." मग मी रजा टाकली, मुलीला सासूबाईंवर सोपवलं आणि बॅग घेऊन माजिवड्याला गेले. बरं व्हायला मला गाव सोडावं लागलं.

सुनंदाताईने सोसायटीत सांगून टाकलं की वहिनींना थायरॉईड आहे. समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंना पण थायरॉईड. त्या रोज संध्याकाळी येऊन मला सल्ले द्यायच्या. कोबी खाऊ नका, फ्लॉवर खाऊ नका. खोटं निभवायचं म्हणून ताईने घरात कोबी आणणंच बंद केलं. भावोजींना कोबीची भाजी फार आवडायची. आणि त्यांच्या शोकेसमध्ये पाहुण्यांसाठी मांडलेल्या दोन विलायती बाटल्या होत्या, त्या ताईने गाडीच्या डिकीत नेऊन ठेवल्या. भावोजी बिचारे माझ्यापायी कोबीलाही मुकले आणि बाटल्यांनाही.

हसले मी तिथे. बऱ्याच महिन्यांनी.

तिथून ओपीडी किती जवळ सांगू? रिक्षात बसून दुपट्टा नीट करेपर्यंत आलीच. पहिला नंबर माझा. एखादा दिवस जास्त वाईट गेला, छाती धडधडायला लागली, तर फोन करून लगेच जाता यायचं. मॅडम गोळी कमी-जास्त करायच्या, समुपदेशनाला बसवायच्या, मी परत येऊन दुपारी झोपायचे. हात थरथरायचे थांबले. जेवण जायला लागलं. भीती गेली नव्हती. सकाळी डोळे उघडले की आधी तीच यायची, की आज मी पिणार का? पण भीती वाटली की जायला एक जागा होती, आणि ती हाकेच्या अंतरावर होती.

तेव्हाच माझा राग सुरू झाला. मी तीच होते, गोळ्या त्याच होत्या, इच्छाशक्ती म्हणाल तर काडीनेही वाढली नव्हती. फरक एवढाच की मी माजिवड्याला झोपत होते. ज्याची नणंद माजिवड्याला नाही त्याने काय करायचं?

शिंगरू

प्रेरणाची सहामाही परीक्षा आली, माझी रजा संपली, मी मोहन्याला परतले. आता आठवड्याला ओपीडी आणि तेवढ्याच गोळ्या हातात. ह्या गोळ्या एकदम जास्त देत नाहीत, कारण त्यांचीच सवय लागू शकते. ते मला पटतं. पण मग त्या गोळ्या माझ्या गावात का नाहीत?

मोहन्याहून आंबिवलीला शेअर रिक्षा. ती सीट भरल्याशिवाय हलत नाही. रिक्षावाला निवांत तंबाखू मळतोय, मी मागे बसून चौथ्या माणसाची वाट बघतेय. तेवढ्यात कसाऱ्याहून येणारी गाडी चुकली की पुढचीची वाट. ठाण्याला उतरून पुन्हा लाईन. आणि पोचावं तर शिपाई म्हणणार, "नंबर संपले. परत या." शाळेत हेडमास्तरांचं वेगळंच. "मॅडम, तुमचं नेमकं चाललंय तरी काय? दर आठवड्याला ठाणे?" मी म्हणायचे, थायरॉईड. एकदा उधार आणलेला आजार असा कामाला येत होता.

आई म्हणाल्या, "घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं. तुझं शिंगरू झालंय."

एका आठवड्यात दोनदा नंबर हुकला. गोळ्या संपलेल्या. दुसऱ्या वेळी मी त्या शिपायावर ओरडले, सगळ्यांसमोर, वाट्टेल ते बोलले. तो म्हणाला, "मावशी, माझ्यावर ओरडून काय होणार?" त्याचंही खरं होतं. परत आंबिवलीला उतरले आणि पाय घराकडे वळेनात. हात पुन्हा कापत होते. फोनमध्ये त्या दुकानाचा नंबर अजून होता, 'गॅस एजन्सी' नावाने सेव्ह केलेला. मी तो उघडून बाकावर बसले. मग कशी बुद्धी झाली कोण जाणे, घरी लावला.

"आई, मला प्यावीशी वाटतेय."

"कुठंयस?"

"आंबिवली स्टेशनला."

"उठू नको. येते मी."

गुडघे धरून चालणारी बाई, जिना उतरायला पण हात मागणारी. ती रिक्षा करून आली, पूल चढून उतरली आणि माझ्याजवळ बसली. आधी पदराने घाम पुसला. मग माझा हात धरून म्हणाली, "त्या पौर्णिमेला मी तुला मारलंच असतं गं. मला काय ठावं होतं?" आम्ही दोघी तिथे बसून रडलो. समोरून दोन गाड्या गेल्या. घरी जाताना तिनेच माझा फोन घेतला आणि म्हणाली, "ही गॅस एजन्सी कशी काढून टाकतात ते दाखव मला."

कमल

ओपीडीच्या लाईनीत माझी एक मैत्रीण झाली. कमल. खर्डीच्या आतल्या बाजूला कुठेतरी राहायची, वीटभट्टीवर काम. मी मोहन्याहून येते म्हटल्यावर ती हसली होती.

"मंग तू तं जवळची! आमच्याकडून ठाणं म्हंजे परदेस."

ती अंधारातच घरून निघायची. आधी पायी, मग जीप मिळाली तर जीप, मग गाडी. भट्टीवर नवरा-बायको दोघंही पीत. नवऱ्याला सोडायची नव्हती, हिला होती. ती भाकरी आणि सुकटाची चटणी आणायची, मी पोळीभाजी, आणि आम्ही अदलाबदल करायचो. तिच्या हाताचा कंप कमी झालेला मी माझ्या डोळ्यांनी बघितला. मॅडमनी एकदा तिच्या पाठीवर हात ठेवून शाबास म्हटलं, तर लाजून पदर तोंडाला लावला होता तिने.

मग ती दिसेना. एक आठवडा, दुसरा. मी समुपदेशकाला विचारलं.

"हां, ती ना? सोडली तिने ट्रीटमेंट."

"सोडली म्हणजे? सांगून गेली?"

"येत नाही म्हणजे सोडलीच ना, ताई. फोन लागत नाही तिचा."

"कुणी घरी जाऊन बघितलं?"

"आपण गावोगाव कुठे जाणार?"

पण तिने मात्र गावाहून इथवर यायचं. आजारी माणसाने, अंधारात, रोजगार बुडवून. आणि एकदा जमलं नाही की शिक्का तिच्यावर. मला तिच्या गावाचं नाव माहीत नव्हतं. स्टेशन माहीत होतं फक्त. त्या दिवशी घरी येऊन मी आईंना जेवायला वाढलं आणि ताट आपटलं.

मंडप

त्यानंतर आमच्याकडे मोठा मंडप उभा राहिला. एका दादांचा वाढदिवस, आणि त्यानिमित्त भव्य व्यसनमुक्ती शिबिर. पांढऱ्या खुर्च्या, चौकाचौकात बॅनर, बॅनरवर दादांचे हात जोडलेले. विहाराच्या सेक्रेटरींनी मला बोलावलं. "ताई, सामुदायिक शपथ आहे. तुमचा आवाज चांगला. तुम्हीच द्या." त्यांना काही माहीत नव्हतं. घराबाहेर कुणालाच नव्हतं.

मी स्टेजवर गेले. हातात छापलेला कागद. 'मी आजपासून, या क्षणापासून मद्याचा त्याग करीत आहे.' समोर पुरुष बसलेले, बऱ्याच जणांना बायकांनी धरून आणलेलं. पहिल्या रांगेत एक किडकिडीत माणूस दोन्ही हात गुडघ्यांत दाबून बसला होता. ते हात मी ओळखले. हा आज इथे शपथ घेणार, बायको पेढा देणार आणि परवा सकाळी हा स्वयंपाकघरात पडणार. मी कागद खाली ठेवला.

"ही शपथ मी देणार नाही," मी माईकवर म्हटलं. "मी स्वतः रोज पीत होते. अशीच शपथ घेतली, एकदम बंद केली आणि फिट येऊन मरता मरता वाचले. कुणीही घरी जाऊन एकदम बंद करू नका. आधी डॉक्टरला भेटा. ह्या मंडपात डॉक्टर आहे का एक तरी?"

दादा हसत होते, तोंड हसणं थांबवायला विसरल्यासारखं.

"एवढा मंडप उभा राहतो, मग ठाण्याचा डॉक्टर आठवड्यातून एक दिवस इथे का बसत नाही? ह्याच खुर्च्या ठेवा. एक टेबल ठेवा. बॅनर नको."

साउंडवाल्याने माईक बंद केला. माझा आवाज माईकशिवायही मागच्या रांगेपर्यंत जातो. मी अजून बरंच बोलले. शेवटी दादांच्या माणसाने मला कोपराला धरून खाली उतरवलं. "ताई, निवेदन द्या ना. रीतसर निवेदन द्या."

घरी मिलिंद येरझाऱ्या घालत होता. "सगळ्या मोहन्याला सांगून आलीस? प्रेरणाचं लग्न व्हायचंय अजून!" प्रेरणा म्हणाली, "पप्पा, माझी बारावी होऊ दे आधी." सेक्रेटरींचा फोन आला, की काही रविवार वंदना दुसऱ्या ताई घेतील, तुम्ही आराम करा. मी म्हटलं, बरं. पाचवं शील मी आता खरोखर पाळत होते, आणि आताच माझ्या हातातून माईक गेला. त्या दिवशी मी चिडले, रडले आणि प्यायले नाही.

दारात

दुसऱ्या सकाळी कुणीतरी कडी वाजवली. त्या किडकिडीत माणसाची बायको. पलीकडच्या चाळीतली, मी तिला चेहऱ्याने ओळखत होते.

"ताई, ह्यांनी शपथ नाही घेतली. तुम्ही बोललात ना, म्हणून. पण सोडायची म्हणतात. खरंच म्हणतात. कुठं नेऊ?"

"ठाण्याला."

तिचा चेहरा उतरला. "इथं जवळ कायच नाही?"

"नाही."

दारात उभं राहून मला हे 'नाही' म्हणावं लागलं. पीत होते तेव्हासुद्धा मला कधी इतकी लाज वाटली नव्हती, आणि ही लाज माझी नव्हती, ज्यांची होती ते मंडप गुंडाळून गेले होते.

"मग बघू," ती म्हणाली. "ह्यांची आज कंपनी आहे. पुढच्या आठवड्यात बघू." आणि वळली.

पुढचा आठवडा. कमलनेही असंच म्हटलं असेल एखाद्या सकाळी, आणि तिच्या आसपास ऐकायला कुणी नसेल.

मी आत जाऊन पर्स उचलली. आईंना म्हटलं, प्रेरणाला शाळेत फोन करायला लावा, मी येत नाही. आईंनी कालच्या पोळ्या फडक्यात बांधून माझ्या हातात दिल्या. ती बाई गल्लीच्या टोकाला पोचली होती. मी ओरडले, अगदी सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं ओरडले.

"अगं ए, थांब! चहा ठेवत बसू नको, त्यांना नुसती चप्पल घालायला सांग. आज ओपीडी आहे. आत्ता निघालो तर नंबर लागेल."